कंपनीचा इतिहास आणि बाबांचे तीन झटके

आमच्या पंपाच्या रौप्यमहोत्सवात मी तेल कंपनीच्या इतिहासावर भाषण केलं आणि ते चौथ्या पानावर बंद पाडण्यात आलं. एकूण पानं अठरा होती. उरलेली चौदा आजही माझ्या कपाटात आहेत. पाहुणा जरा जास्त वेळ बसला की माझा हात तिकडे जातो, म्हणून हल्ली पाहुणे चहा झाला की उठतात.

'आमचा पंप' म्हणजे आमच्या मालकीचा नव्हे. चिखलीहून मेहकरकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे, गावाच्या तोंडाशी पंप आहे आणि त्या पंपावर माझे बाबा पहिल्या दिवसापासून पेट्रोल सोडायला होते. मालक वेगळे, त्यांना सगळे शेठजी म्हणतात. पण शेठजी यायचे दुपारी बाराला आणि बाबा सकाळी सहाला, त्यामुळे पंप नक्की कुणाचा याबद्दल लहानपणी माझ्या मनात गोंधळ होता. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी नुसतं 'पेट्रोल पंप' असं लिहून दिलं होतं. त्या वर्षी गॅदरिंगच्या वर्गणीसाठी मास्तर सगळ्यांत आधी आमच्याकडे आले. आमचं घर बघून ते पाणी पिऊन परत गेले.

कंपनीचं नाव मी इथे सांगणार नाही. शेठजींनी तशी शपथच घातली आहे. शिवाय नाव न घेता वाटेल ते बोलता येतं, हा फायदा मला उशिरा कळला.

आता झटक्यांविषयी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. आमच्या भागात पेट्रोल भरून झालं की नळी लगेच जागेवर ठेवलेली चालत नाही. मशीन बंद झालं तरी नळीत तेल शिल्लक असतं आणि ते आपल्या पैशाचं असतं, असं समस्त पंचक्रोशीचं ठाम मत आहे. म्हणून पेट्रोल सोडणाऱ्याने ती जाड काळी नळी खांद्याच्या वर उचलायची, तिचं तोंड टाकीत धरायचं आणि तीन झटके मारायचे. दोन मारले तर गिऱ्हाईक गाडी हलवत नाही. चौथा मागणारेही आहेत, पण त्यांना लोक चिंगूस म्हणतात. खरी गोष्ट अशी की नळी कायम भरलेलीच असते. आधीच्या माणसाचं तेल तुमच्या टाकीत जातं आणि तुमचं पुढच्याच्या, त्यामुळे कुणाचं काही जात नाही आणि झटक्याने दोन थेंबांपलीकडे काही येत नाही. हे मी कॉलेजात गेल्यावर बाबांना फार उत्साहाने समजावून सांगितलं होतं.

"मले मालूम हाय," बाबा म्हणाले.

"मग झटके काऊन मारता?"

"त्याले बरं वाटते ना."

तर लोकांना बरं वाटावं म्हणून पंचवीस वर्षं बाबांनी दिवसातून शेकडो वेळा ती नळी खांद्यावर उचलली. शेवटी उजवा खांदा असा धरला की डोक्यावरून सदरा काढायला त्यांना आईची मदत लागायची. चिखलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "वजनं उचलता का?" बाबा म्हणाले, "नाई, लोकायचा संशय उचलतो." डॉक्टरांनी तेवढं ऐकून क्ष-किरण फोटो काढायला पाठवलं.

संशयाचे प्रकार तरी किती सांगावेत! शंभरचं पेट्रोल मागितलं तर मशीन कमी देतं, कारण शंभरवर 'सेटिंग' केलेली असते, असं एकदा गावात पसरलं. मग सगळे एकशे दहाचं मागायला लागले. सगळेच एकशे दहाचं मागतात म्हटल्यावर कंपनीने तिथेही सेटिंग केली असणार, म्हणून काही हुशार मंडळी एकशे सतरावर गेली. या एकशे सतरा पंथाचे संस्थापक म्हणजे मेथीवाले बापू. हे आमच्या गावचे भाजीवाले शेतकरी, बाबांपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठे. रोज सकाळी मोपेडवर मेथी-पालकाच्या जुड्या बांधून चिखलीच्या बाजारात जायचे. जाताना पंपावर थांबायचे, एकशे सतराचं पेट्रोल घ्यायचे, तीन झटके मोजून घ्यायचे आणि निघताना रोज तेच म्हणायचे, "कमी देल्लं बे तू." बाबा रोज हसायचे. मी बापूंवर तेव्हापासून दात धरून होते. माझा स्वभावच तसा आहे, मी विसरत नाही.

बाबा हसायचे खरे, पण एका पौर्णिमेला ते हसणं बिघडलं. संध्याकाळी विहारात वंदना झाली आणि खिरीची पंगत बसली. बाबा नेहमीप्रमाणे पुढच्या रांगेत. वाढणाऱ्याने त्यांच्या वाटीत पळी रिकामी केली, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पळी तीन वेळा झटक रे, नाईतर त्यातच राहीन! तेईले सवय हाय!" सगळं विहार हसलं. बाबाही हसले. मीही हसले, हे मला आज सांगताना लाज वाटते. पुढच्या पौर्णिमेला बाबा दाराजवळ चपलांपाशी बसले. त्याच्या पुढच्या पौर्णिमेला खांदा दुखतो म्हणून गेलेच नाहीत. वंदनेला खांदा लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

अशात खांद्यामुळे काम सोडायची वेळ आली आणि नेमकं त्याच महिन्यात पंपाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. शेठजींनी एका दगडात दोन कार्यक्रम मारायचं ठरवलं. पंपाचा रौप्यमहोत्सव आणि बाबांचा सत्कार, एकाच मांडवात, एकाच नाश्त्यावर. कंपनीचे मोठे साहेब अकोल्याहून येणार होते. मी चिखलीला कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते, म्हणून कंपनीचा इतिहास सांगायचं काम माझ्याकडे आलं.

"दोन पानं बस झाली," शेठजी म्हणाले. "पहिल्या पानावर कंपनी, दुसऱ्या पानावर मी."

घरी आले तर बाबा सत्काराला यायलाच तयार नव्हते.

"काऊन बाबा?"

"शाल पांघरतीन अन् कोनीतरी मांगून म्हनीन, झटका शाल, त्यात काही राह्यलं का पाहा." ते हे चेष्टेत म्हणाले नाहीत. थोडं थांबून म्हणाले, "पंचवीस वर्षं काम केलं पोरी, अन् जाताना नाव काय घेऊन चाल्लो? थेंबचोर."

मला एवढा संताप आला की मी त्या रात्री जेवतानाही बोलत होते. आई म्हणाली, आधी घास गिळ. पण माझ्या डोक्यात भाषण तयार झालं होतं. ज्या कंपनीने शंभरेक वर्षांत अख्ख्या जगाला टोप्या घातल्या, तिच्या नळीतल्या थेंबासाठी माझ्या बापाला चोर म्हणता? थांबा, तुम्हाला तिचा इतिहासच सांगते. बाबांना मी कसंबसं तयार केलं. "तुम्ही फक्त बसा," म्हटलं, "बोलायचं काम माझं." हे ऐकून ते जास्तच घाबरलेले दिसले, पण हो म्हणाले.

तीन आठवडे मी वाचत होते. काय एकेक निघालं! मूळ कंपनी विलायतेतली. गोऱ्या साहेबांनी सुरुवातीला लोकांना दिवे जवळजवळ फुकट वाटले, कारण दिवा घरात आला की रॉकेल झक मारत येतं. आपण मोबाइल आणि त्याच्या रिचार्जबद्दल हेच म्हणतो. मग रॉकेलचे पत्र्याचे डबे बैलगाड्यांतून गावोगाव आले. रॉकेल संपलं, पण डबा कुणी परत केला नाही. डब्याची बादली झाली, झाकणाचा तवा झाला, पत्र्याचं छप्पर झालं. माझ्या मते कंपनीने या देशाला दिलेली सगळ्यांत टिकाऊ वस्तू तो डबाच. पुढे साहेब गेले, पाट्या रंगवल्या गेल्या, कंपनीची मालकी बदलली, पुन्हा बदलली, आणि दरवेळी नव्या मालकाने जुन्या भानगडींबद्दल हात वर केले. कुठे तिचं जहाज फुटून समुद्र काळा झाला, तेव्हा कंपनी म्हणाली, थोडंच सांडलं. कुठे लोकांच्या उभ्या पिकातून पाइप गेला, तेव्हा म्हणाली, विकास आहे. कुठे पंपांची खिरापत सोयऱ्याधायऱ्यांत वाटली गेली, तेव्हा म्हणाली, योगायोग. धूर आणि उष्णतेबद्दल तिच्याच माणसांनी लिहून ठेवलेले कागद कुठल्याशा कपाटात पडून राहिले. वाचता वाचता मला आनंदच होत होता. एवढ्या मोठ्या सामानापुढे बाबांचे थेंब कोण बघणार?

शेठजींना मी दोन पानं दाखवली. त्यांनी पेन्सिल घेऊन जहाज, पाइप आणि धूर यांच्या जागी 'काही किरकोळ अडचणी' असं लिहिलं आणि खूश झाले. बाकीची सोळा पानं माझ्या पर्समध्ये आहेत हे मी त्यांना सांगितलं नाही. इतिहासाच्या माणसाला थोडी लपवाछपवी चालते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दहाला मांडव भरला. मांडव हवा भरायच्या मशीनच्या बाजूला, तेलापासून लांब घातला होता. तरी शेठजींच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, व्यासपीठावर पितळी समई आणि तेलवात आणून ठेवलीच. साहेब दीपप्रज्वलनाला काडी पेटवणार तोच बाबा खुर्चीवरून उडाले आणि फुंकर मारून त्यांनी काडी विझवली. साहेब चपापले. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर कंपनीचीच पाटी होती : 'ज्वाला नको.' मग कुणीतरी गणपतीतली विजेची समई आणली आणि साहेबांनी बटण दाबून दीपप्रज्वलन केलं. ती समई लाल-हिरवी लुकलुकत राहिली आणि तिच्यातून आरतीही सुरू झाली. ती बंद कशी करायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून पहिली दहा मिनिटं सगळा कार्यक्रम आरतीवरच चालला.

बाबांना शाल पांघरली. मागून कुणी काही बोललं नाही, पण बाबांची मान खालीच होती. ते वाट बघत होते हे मला दिसत होतं.

मी उभी राहिले. पहिलं पान झालं, दिवे झाले, डबा झाला. डब्याला लोक हसले. तिसऱ्या पानावर मी जहाज फोडलं. साहेबांनी शेठजींकडे बघितलं, शेठजींनी माझ्याकडे आणि मी छताकडे. चौथ्या पानावर समुद्रावर तेलाचा थर पसरला, पक्षी काळे झाले आणि मी आवाज चढवून म्हणाले, "आणि एवढं सांडणारी ही कंपनी..." तेवढ्यात समोरच्या रांगेतून मेथीवाले बापू उठले.

"बाई," ते हात जोडून म्हणाले, "समुद्रात सांडलं ते सांडलं. तिकडे कोनाची मोपेड नाई. मायाच टाकीत काऊन कमी पडते, तेवढं सांग."

मांडव असा हसला की माझं पाचवं पान हातातच राहिलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी शालीचं टोक तोंडाला लावलं होतं. मला बापूंच्या अंगावर अठराच्या अठरा पानं फेकावीशी वाटली.

साहेबांना मात्र हायसं वाटलेलं दिसलं, कारण जहाजातून सुटका झाली होती. त्यांनी माइक ओढून घेतला. "प्रत्येक पंपावर पाच लिटरचं माप असतं," ते म्हणाले. "सरकारी शिक्क्याचं. कुणीही गिऱ्हाइकाने कधीही मागावं, त्याच्यासमोर मोजून दाखवायचं असा नियम आहे."

पंचवीस वर्षांत हे माप कुणी मागितलं नव्हतं. बाबा मात्र रोज सकाळी सहाला, गिऱ्हाईक यायच्या आधी, ते भरून बघायचे आणि पेट्रोल परत टाकीत ओतायचे. बघायला कुणीच नसायचं, म्हणून त्याचा उपयोगही काही झाला नव्हता.

"दाखवा मंग," बापू म्हणाले.

मापाचा शोध सुरू झाला. कपाटात नाही, ऑफिसात नाही, मशीनमागे नाही. शेठजी घामाघूम झाले. तेवढ्यात काकूंनी पदर तोंडावर घेतला आणि व्यासपीठाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे पूजा मांडली होती. मधोमध कलश होता, त्यात आंब्याची पानं, वर नारळ, पोटाला कुंकवाची पाच बोटं. घरचा कलश भाच्याच्या लग्नात गेला होता तो परत आला नव्हता, आणि हे भांडं काकूंना कपाटात इतकं चकचकीत दिसलं होतं की त्यांनी त्याचीच पूजा मांडली. माप बाबा रोज घासून ठेवायचे, तेच अंगाशी आलं.

नारळ उतरवला, पानं काढली, पाणी झाडाला ओतलं. पंपावर नव्याने लागलेल्या ताईने माप मशीनखाली धरलं. सगळा मांडव उठून तिकडे गेला. पाच लिटरवर मशीन थांबलं. मापाच्या मानेला काचेची पट्टी असते आणि तिच्यावर रेघ, त्या रेघेशी तेल आलं की माप बरोबर. साहेब खाली वाकले. पेट्रोल रेघेच्या चांगलंच वर होतं.

"जास्त!" कुणीतरी ओरडलं. "पंप जास्त देऊन राह्यला!"

काय आरडाओरडा झाला! टाळ्या, शिट्ट्या, दोघेजण तर घरी कॅन आणायला पळाले. शेठजींनी पहिल्यांदा दोन्ही हात वर केले. मग आपण पंचवीस वर्षं जास्त देत होतो याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला असावा, कारण हात तसेच वर राहिले आणि चेहरा उतरला. साहेब काळजीत पडले. जास्त देणंसुद्धा नियमात बसत नाही, मशीन बंद करावं लागेल, असं ते पुटपुटत होते. मेथीवाले बापूंचा आ वासला होता. ते बघून माझे डोळे भरून आले. माझा बाप चोर नव्हता, उलट दाता होता. यापुढे जिल्ह्यात कुणाची बोलायची हिंमत नव्हती.

आणि बाबा उठले.

"थांबा," ते म्हणाले. "त्यात सुपाऱ्या हायेत."

मी त्यांची शाल मागून ओढली. खोटं कशाला सांगू, मी जोरात ओढली. "बाबा, बसा ना गुपचूप," मी दातओठ खाऊन म्हणाले. एवढी चांगली वेळ पंचवीस वर्षांत आली नव्हती आणि परत येणार नव्हती. बाबांनी शाल माझ्याच हातात सोडली आणि पुढे गेले.

"मी आवाज आयकला," ते साहेबांना म्हणाले. "पाणी ओतताना आतमंदी खुळखुळलं. माप रिकामं करा."

पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत परत ओतलं गेलं. बाबांनी माप डाव्या हाताने पुरतं उलटं करून ठोकलं. आतून एक सुपारी पडली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी आणि पाचवी, त्यांच्यामागून हळकुंड, एक नाणं आणि मूठभर अक्षता. काकूंनी प्रत्येक वस्तूला नमस्कार केला. साहेबांनी सुपाऱ्या हातात घेऊन अशा बघितल्या, जणू त्या अकोल्याला तपासणीला पाठवायच्या आहेत.

बाबांनी माप फडक्याने पुसलं, एकदा पेट्रोलने विसळून ओतलं आणि मग मशीनखाली धरून पुन्हा पाच लिटर सोडलं. सगळे काचेवर वाकले. पेट्रोल रेघेवर होतं. ना केसभर वर, ना केसभर खाली.

एकही टाळी वाजली नाही. जास्त आलं तेव्हा शिट्ट्या मारणारे लोक बरोबर आलं तेव्हा एकमेकांकडे बघत उभे राहिले. कॅन घेऊन धावत आलेले दोघे कॅन घेऊन परत गेले. मग नाश्त्याचा वास आला आणि मांडव तिकडे वळला. एका मिनिटात मशीनपाशी बाबा, मी आणि मेथीवाले बापू एवढेच उरलो. बापू मोपेड ढकलत पुढे आले.

"एकशे सतराचं टाक," ते म्हणाले.

ताईने नळीला हात घातला, पण बाबांनी तो बाजूला केला. त्यांनी शून्य दाखवलं, पेट्रोल सोडलं, मशीन एकशे सतरावर थांबलं. मग सवयीने त्यांनी नळी वर उचलायला सुरुवात केली. छातीपर्यंत आली आणि खांद्यात कळ गेली असणार, कारण तोंड वाकडं झालं. तरी दुसऱ्या हाताने कोपराला आधार देऊन ते नळी वर नेत होते.

"राहू दे," बापू म्हणाले.

"काय?"

"झटके राहू दे बे. हात दुखते ना तुया." बापू टाकीचं झाकण लावत म्हणाले, "त्यात काही येत नाई. मले मालूम हाय."

बाबा नळी हातात धरून तसेच उभे.

"मालूम होतं, मंग पंचवीस वर्षं मले काऊन चोर म्हनलं बापू?"

बापू खरोखरच गोंधळले. "तुले? तुले कोन चोर म्हनीन? तू काय चोरशीन, गरीब मानूस. तुया पोरीनं आत्ता सांगतलं ना, कशी हाय ते कंपनी. मी तिले म्हनत होतो."

"पन बोलत त मले होते ना रोज."

"मंग काय करू?" बापू मोपेडला टांग मारत म्हणाले. "कंपनी कुठं भेटते बे मले? तू रोज भेटत होता."

मोपेड फटफटत चिखलीच्या दिशेने निघून गेली. बाबांनी नळी न झटकता जागेवर अडकवली. मग ते हसायला लागले, आणि इतके हसले की दुखरा खांदा धरून मशीनच्या चौथऱ्यावर बसले. मी शेजारी बसून शाल त्यांच्या अंगावर टाकली. अठरा पानांत मला जे सांगायचं होतं ते त्या माणसाने मोपेडवर बसता बसता सांगून टाकलं, याचा मला फार राग आला होता आणि रडूही येत होतं.

पुढच्या पौर्णिमेला बाबा आमच्या आधी तयार होऊन बसले. आईने त्यांना सदरा घालून दिला, ते विहारात गेले आणि सरळ पुढच्या रांगेत बसले. वंदना झाली, खीर आली. वाढणारा बाबांपाशी आला, त्याने वाटीत पळी रिकामी केली आणि काही न बोलता खाली बघत घाईघाईने पुढे सरकला.

"अबे," बाबांनी त्याला मोठ्याने परत बोलावलं आणि वाटी पुढे केली. "तीन झटके मार ना. त्यात राह्यली मायी."